शंका-समाधान : आइन्स्टाइनच्या आधीची मंडळी

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की सापेक्षतेबद्दल काही अडत असेल तर कळवा. आता टेबलावर पत्रांचा गठ्ठा आहे आणि घरून ऐकून घेतोय, "कोणी सांगितलं होतं?" निम्म्या पत्रांत अणुबाँब आहे, दोन-तीनांत अवकाशयानात बसलेला जुळा भाऊ आहे. ती सगळी पुढच्या वेळी. या खेपेला १९०५ च्या आधीचेच प्रश्न घेतलेत. हा भाग शाळा-कॉलेजात अर्ध्या पानात उरकतात, आणि माझ्या मते खरी मारामारी तिथंच झाली.

प्रश्न : सर, आमच्या पुस्तकात लिहून आहे की मायकेलसन-मोर्लेचा प्रयोग फसला म्हणून आइन्स्टाइननं सापेक्षता काढली. पण प्रयोग १८८७ चा अन् सिद्धांत १९०५ चा. मधली १८ वर्षं सगळे काय करून राहिले होते?
— बारावीचा विद्यार्थी, मानेवाडा

वा रे पठ्ठ्या! इतकी वर्षं वर्गावर गेलो, पण ही वजाबाकी करून कोणी विचारलं नव्हतं.

आधी तो 'फसला' शब्द खोड. आमच्या कॉलेजात मायकेलसनचा इंटरफेरोमीटर होता. जड लोखंडी बैठक, दोन आरसे, मधे तिरपी काच. काचेवर प्रकाशाचे दोन भाग होतात, दोघं काटकोनात जातात, आरशावरून परत येतात, एकत्र होतात, आणि काळे-पिवळे पट्टे दिसतात. दिसतात म्हणजे दिसायला हवेत. सोडियमचा दिवा लावला की आधी गुलाबी, मग पाच-सात मिनिटांनी पिवळा. त्यानंतर आरशामागचे स्क्रू केसभर फिरवत बसायचं. एका मे महिन्यात तासाभरानं पट्टे सापडले, मुलांना बोलावलं, तेवढ्यात कोणीतरी कूलर लावला. पट्टे थरथरले आणि गेले. कूलर बंद केला, तर घाम चष्म्यावर. आमचा लॅब असिस्टंट बटणावर बोट ठेवून उभा, "सर, बंद करू का चालू?" शेवटी पट्टे स्थिर झाले आणि रस्त्यानं ट्रक गेला.

मायकेलसनचं वेगळं झालं नाही. १८८१ मधे बर्लिनला त्यानं पहिलं यंत्र मांडलं. पैसे टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलचे. रस्त्यावरच्या रहदारीनं मध्यरात्रीनंतरही पट्टे धड ठरेनात, म्हणून बाडबिस्तरा पॉट्सडॅमच्या वेधशाळेत हलवला. तिथंही शंभरेक मीटरवर कोणी फरसबंदीवर पाय आपटला की पट्टे गायब. म्हणून १८८७ मधे क्लीव्हलंडला मोर्लेसोबत त्यानं दीड मीटर चौरस, ३० सेंटीमीटर जाडीची दगडी फरशी पाऱ्यावर तरंगवली. एकदा हलकेच ढकलली की साधारण सहा मिनिटांत एक फेरी. मायकेलसन फरशीसोबत चालत, चालता चालता दुर्बिणीत बघत एका फेरीत १६ नोंदी सांगायचा. ज्यानं कधी पट्टे शोधलेत त्यालाच यातला घाम कळेल.

आता मोजत काय होते? वैनगंगेत एक डोंगा समज. डोंग्याचा वेग ताशी ५ किलोमीटर, पाण्याचा ३. प्रवाहासोबत अर्धा किलोमीटर जाऊन परत यायचं : जाताना वेग ८, म्हणजे पावणेचार मिनिटं. येताना २, म्हणजे १५ मिनिटं. एकूण पावणेएकोणीस. आता तेवढंच अंतर आडवं, पलीकडच्या काठापर्यंत आणि परत. डोंग्याचं तोंड थोडं वर ठेवावं लागतं, आडवा वेग ४ उरतो, एकूण १५ मिनिटं. म्हणजे घरी बसून नुसत्या वेळेवरून सांगता येतं की पाणी वाहतंय. डोंग्याच्या जागी प्रकाश ठेव, पाण्याच्या जागी इथर, म्हणजे प्रकाशाची लाट ज्यातून जाते असं तेव्हा मानत ती सगळीकडे भरलेली वस्तू. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर धावते, प्रकाश ३ लाख. गुणोत्तर दहा हजारात एक, आणि जाऊन-येऊन मोजलं तर त्याचा वर्ग उरतो, दहा कोटीत एक. एवढंसं पकडायला ती फरशी. प्रकाशाचा मार्ग आरशांवरून फिरवून ११ मीटर केला होता. पट्टा ०.४ पट्ट्याइतका सरकायला हवा होता. सरकला तो त्याच्या विसाव्या भागाइतकाही नाही.

यंत्रानं चोख उत्तर दिलं, पाणी वाहत नाही. नाराज झाला तो मायकेलसन, कारण त्याला पाण्याचा वेग हवा होता.

आता तुझी १८ वर्षं. १८८९ मधे आयर्लंडच्या फिट्झजेराल्डनं एक छोटं पत्र छापलं : प्रवाहाच्या दिशेतल्या वस्तू आखडत असतील तर? आपल्या डोंग्याच्या हिशेबात बघ. लांबीकडचा मार्ग ५०० ऐवजी ४०० मीटर झाला तर तिथलेही बरोबर १५ मिनिटंच होतात. मोजायला टेप लावलीस तर टेपही आखडलेली, म्हणजे तुला पाचशेच दिसणार. पृथ्वीच्या बाबतीत हे आखडणं किती? अख्ख्या व्यासात जेमतेम साडेसहा सेंटीमीटर. १८९२ मधे हॉलंडच्या लॉरेंट्झलाही स्वतंत्रपणे हेच सुचलं. तो मात्र तिथं थांबला नाही. १८९५, मग १९०४, असं करत त्यानं सूत्रांचा पूर्ण संच तयार केला. आज तुझ्या पुस्तकात सापेक्षतेची म्हणून जी रूपांतरणं छापतात त्यांना नाव लॉरेंट्झचंच आहे, ते उगाच नाही. गणित टेबलावर होतं. लॉरेंट्झ म्हणत होता, इथर पदार्थाला दाबतो म्हणून असं होतं. तो पदार्थात कारण शोधत होता.

आणि आइन्स्टाइन? त्याच्या १९०५ च्या निबंधात मायकेलसनचं नावसुद्धा नाही. 'पृथ्वीची गती शोधण्याचे निष्फळ प्रयत्न' असा ओझरता उल्लेख आहे, बस. निबंध सुरू होतो तो चुंबक आणि तारेपासून. हे तू उद्या लॅबमधे करून बघ : तारेचं वेटोळं, गॅल्व्हानोमीटर, पट्टीचुंबक. वेटोळं स्थिर ठेवून चुंबक आत घाल, काटा हलतो. चुंबक स्थिर ठेवून वेटोळं त्याच वेगानं त्याच्यावर घाल, काटा तेवढाच हलतो. फॅरडेनं १८३१ मधे दाखवलेलं हेच. पण त्या काळचं पुस्तक या दोन गोष्टींची दोन वेगळी कारणं द्यायचं. चुंबक हलला तर अवकाशात विद्युतक्षेत्र निर्माण होतं, वेटोळं हललं तर ते होत नाही, चुंबकक्षेत्र तारेतल्या प्रभाराला ढकलतं. आइन्स्टाइनला हे खुपलं. काट्याला ठाऊक नाही कोण हललं, मग पुस्तकाला कसं ठाऊक?

परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिही. दोन गुणांसाठी भांडू नकोस.

प्रश्न : मुलाला शिकवताना 'इथर' वाचलं आणि हसू आलं. न दिसणारी, वजन नसलेली, सगळीकडे भरलेली वस्तू! इतक्या हुशार माणसांनी हे खरं कसं मानलं?
— एक आई, धरमपेठ

ताई, हसा, पण थोडं जपून. ध्वनीच्या लाटेला हवा लागते, पाण्याच्या लाटेला पाणी. १८०१ पासून थॉमस यंगनं दाखवत नेलं की प्रकाशही लाट आहे. मग तिला काही नको? सूर्यापासून इथपर्यंत लाट कशात उठते, हा प्रश्न विचारणारा माणूस भाबडा नव्हे, काटेकोर आहे.

अडचण पुढं झाली. प्रकाशाची लाट आडवी हलते, हेही सिद्ध झालं, आणि आडव्या लाटा घन पदार्थात चालतात. इतक्या वेगाच्या लाटेसाठी इथर पोलादाहून ताठ हवा. आणि त्यातून पृथ्वी तर बिनबोभाट जाते! यावर १८४५ च्या सुमारास स्टोक्सनं राळेचं, मोच्याच्या मेणाचं उदाहरण दिलं. आपल्याकडे डांबर घ्या. जानेवारीत डांबराच्या ढेकळावर हातोडा मारला तर काचेसारखं फुटतं, तेच ढेकूळ नुसतं ठेवून दिलं तर महिनाभरात आपोआप पसरतं. झटक्याला घन, सावकाशीला द्रव. प्रकाशाची थरथर म्हणजे झटका, पृथ्वी म्हणजे सावकाश चाललेली बैलगाडी. मला हे उत्तर आजही आवडतं. चुकीचं आहे, पण आवडतं.

खरी कोंडी मात्र वेगळीच. जुलैत वर्धा रोडवर स्कूटरवर मागे छत्री घेऊन बसलात कधी? पाऊस सरळ पडत असला तरी छत्री पुढं कलती करावी लागते. गाडी जितकी जोरात, कल तितका जास्त. इंग्लंडच्या ब्रॅडलीनं १७२८ च्या सुमारास हेच ताऱ्यांच्या बाबतीत पाहिलं. पृथ्वी धावते म्हणून दुर्बीण सुमारे २० विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) कलती धरावी लागते, आणि सहा महिन्यांनी उलट बाजूला. आता विचार करा, काचा बंद कारमधे बसलात तर छत्री हवी का? नको, कारण आतली हवा तुमच्यासोबत चालते. म्हणजे ब्रॅडलीचा निष्कर्ष असा की पृथ्वी इथरला सोबत नेत नाही, आपण स्कूटरवर आहोत. मायकेलसनचं यंत्र म्हणतं, वारा अजिबात नाही, आपण बंद कारमधे आहोत.

त्यात तिसरा साक्षीदार. १८५१ मधे फिझोनं नळ्यांतून वाहतं पाणी सोडून त्यातून प्रकाश पाठवला. पाणी प्रकाशाला ओढून नेतं का? उत्तर आलं, नेतं, पण पूर्ण नाही. पाण्याच्या वेगाचा फक्त ०.४४ इतका भाग. हा आकडा फ्रेनेलनं १८१८ मधेच सूत्रानं वर्तवला होता. स्कूटरही नाही, कारही नाही, हे तर एका बाजूनं उघडं ऑटो! आइन्स्टाइननं म्हातारपणी सांगितलं की त्याला ताऱ्यांचा तो कल आणि फिझोचं पाणी, एवढं पुरेसं होतं. सापेक्षतेतल्या वेगांच्या बेरजेच्या नियमातून हा ०.४४ आपोआप बाहेर पडतो, कोणी कोणाला न ओढता. ते लाउएनं १९०७ मधे दाखवलं.

आणि मॅक्सवेल, ज्याच्या समीकरणांनी १८६० च्या दशकात प्रकाशाचा वेग विजेच्या आणि चुंबकाच्या मोजमापांतून काढून दिला, तो स्वतः इथर मानणारा. दहा कोटीत एक हा हिशेब त्याचाच. १८७९ मधे, मरणाच्या काही महिने आधी, अमेरिकेतल्या एका खगोलज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्यानं म्हटलं की पृथ्वीवर इतकं बारीक मोजणं अशक्यच. ते पत्र तिथं नोकरीला असलेल्या एका तरुण नौदल अधिकाऱ्यानं वाचलं. तोच मायकेलसन.

प्रश्न : गॅलिलिओच्या नावेचं सगळे कौतुक करतात. आपल्या आर्यभटानं नावेचा दृष्टान्त हजार वर्षं आधी दिला होता, मग सापेक्षता आपली म्हणायला काय हरकत?
— एक वाचक, महाल

दिला होता, खरं आहे. 'आर्यभटीया'त, इसवी सन ४९९ च्या सुमारास : नावेत पुढं जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेला जाताना दिसतात. पृथ्वी फिरते हे सांगायला याहून सुंदर उपमा नाही, आणि ती सांगायला त्या काळी छाती लागली असणार, कारण नंतरच्या टीकाकारांनी ती झाकायचा बराच खटाटोप केला.

पण आर्यभट नावेच्या बाहेर बघतो. गॅलिलिओ १६३२ मधे दार-खिडक्या लावून तळघरात बसवतो : सोबत फुलपाखरं घ्या, भांड्यात मासे घ्या, वर बाटली टांगून थेंब थेंब पाणी खालच्या अरुंद तोंडाच्या भांड्यात पडू द्या. नाव थांबलेली असो की एकसारखी चाललेली, आत काहीही बदलत नाही. पहिला म्हणतो कोण हलतंय हे दिसण्यावर फसू नका. दुसरा म्हणतो, आत बसून ते ठरवताच येणार नाही. आइन्स्टाइनला हा दुसरा हवा होता.

मेट्रोत करून बघितलंय. नात खापरीकडे जाताना संत्रं वर उडवत होती. गाडी एका चालीत होती तोवर संत्रं बरोबर हातात. स्टेशन आलं, ब्रेक लागला, संत्रं समोरच्या काकूंच्या पिशवीत. एकसारख्या गतीची अट का घालतात ते तिला त्या दिवशी कळलं, काकूंनाही. 'आपली-त्यांची'चा निवाडा मी करत नाही.

प्रश्न : मी रेल्वेत होतो. रोज १६ वाजता कंट्रोलचा टाइम सिग्नल यायचा, त्यावर स्टेशनचं घड्याळ जुळवायचं. तुमच्या मागच्या लेखात लॉरेंट्झची 'स्थानिक वेळ' वाचली. जुन्या काळी गावोगावची वेळ वेगळी असायची, तीच का ही?
— निवृत्त रेल्वे कर्मचारी, अजनी

साहेब, नाव एक, माल वेगळा. पण उत्तर तुमच्या त्या १६ वाजताच्या सिग्नलमधेच दडलंय.

गावोगावची वेळ सूर्यावरची. नागपूरचं रेखांश सुमारे ७९.१ अंश, भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांची. म्हणून आपल्याकडे सूर्य प्रमाणवेळेच्या साडेतेरा मिनिटं मागे. १९०६ पर्यंत तर रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावायची, आणि मुंबई आपली वेळ कवटाळून बसली होती. हा गोंधळ भूगोलाचा, कोष्टक लावलं की मिटतो. लॉरेंट्झनं १८९५ मधे जी स्थानिक वेळ घेतली ती त्याच्या लेखी निव्वळ गणिताची सोय होती. चालत्या वस्तूवर समीकरणं सुटसुटीत व्हावीत म्हणून घेतलेली खोटी वेळ. खरी वेळ त्याच्या मते एकच होती, इथरची.

मग आला पॉंकारे. पॅरिसमधे तारायंत्रानं रेखांश आणि वेळा जुळवणाऱ्या कार्यालयाचा हा सदस्य. तुमच्याच धंद्यातला म्हणा ना! १८९८ मधे त्यानं विचारलं की दोन दूरच्या घटना 'एकाच वेळी' घडल्या असं आपण म्हणतो ते कशाच्या जोरावर? आणि १९०० मधे दाखवलं की चालत्या गाडीतल्या लोकांनी, आपण चालतोय हे न जाणता, प्रकाशाच्या सिग्नलनं घड्याळं जुळवली तर त्यांना नेमकी लॉरेंट्झची ती 'खोटी' वेळच मिळते.

गाडी डोळ्यांपुढं आणा. मधल्या डब्यात दिवा चमकला. मागे गार्ड, पुढे लोको पायलट, दोघांनी ठरवलंय की चमक दिसली की घड्याळ १२ वर लावायचं. अंतर सारखं, म्हणजे गाडीतल्यांच्या मते दोघांनी एकदमच लावलं. आता तुम्ही अजनीच्या फलाटावरून बघा. गार्ड प्रकाशाच्या दिशेनं येतोय, पायलट प्रकाशापासून पळतोय. तुमच्या मते गार्डला चमक आधी पोचली, त्याचं घड्याळ पुढं आहे. किती पुढं? गाडी ५५० मीटर, वेग ताशी १३० : सेकंदाचे साडेचार लाख कोटी तुकडे केले तर त्यातला एक. त्यानं कोणतीही गाडी लेट झाली नसती, काळजी नको. पण फरक शून्य नाही.

पॉंकारे इथवर आला आणि दारात थांबला. फलाटाची वेळ खरी, गाडीची भासमान, असंच तो म्हणत राहिला. बर्नच्या पेटंट ऑफिसातला तृतीय श्रेणीचा कर्मचारी आइन्स्टाइन १९०५ च्या मे महिन्यात एका मित्राकडे, बेसोकडे, डोकं खाजवत गेला. बोलता बोलता त्याला उमगलं की खरी आणि भासमान हा भेदच काढून टाकायचा. गार्डचं घड्याळही खरं, तुमचंही खरं. पुढच्या पाचेक आठवड्यांत निबंध तयार. त्यात संदर्भांची यादी नाही, शेवटी आभार मात्र आहेत, बेसोचे. फिट्झजेराल्ड-लॉरेंट्झचं आखडणं मग दोन टोकांकडे 'एकाच वेळी' बघण्यातून आपोआप येतं, लोखंडाला कोणी दाबावं लागत नाही. लॉरेंट्झनं पट्टीवर दहा वर्षं मेहनत केली, आणि दोष पट्टीत नव्हता.

तुमच्या १६ वाजताच्या सिग्नलला तारेतून यायला लागणारा वेळ कोणी कधी वजा करायचं का? कळवा, मला खरंच उत्सुकता आहे.

दुरुस्ती : मागच्या अंकात 'रोमरनं १६७६ मधे प्रकाशाचा वेग काढला' असं मी लिहिलं. सीताबर्डीहून एका वाचकानं कान पकडला, आणि बरोबर पकडला. गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांवरून रोमरनं एवढंच सांगितलं की पृथ्वीची कक्षा ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटं लागतात. आज आपण सुमारे १६ मिनिटं ४० सेकंद म्हणतो. त्यावरून वेगाचा आकडा मांडला तो हायगेन्सनं. चूक माझी. १८८१ च्या हिशेबात मायकेलसननंही आडव्या बाजूचा डोंगा तिरपा चालवावा लागतो हे धरलं नव्हतं, आणि अपेक्षित सरक दुप्पट काढली होती. त्याला ते पॅरिसच्या पोतिएनं कळवलं, मला सीताबर्डीनं.